रस्ता संपल्यानंतरचा तलाव: कयाकबद्दल वाचकांचे प्रश्न

गाडी काठापर्यंत जाते त्या तलावावर एखादी गोष्ट विसरली तर माणूस परत जाऊन घेऊन येतो. होडी पाठीवरून न्यावी लागते तिथे विसरलेली गोष्ट विसरलेलीच राहते, आणि पाण्यावर दमलेल्या माणसाला वाट पुन्हा चालायचीच असते. या अंकासाठी निवडलेले प्रश्न अशाच आडवाटेच्या तलावांबद्दलचे आणि तिथे न्यायच्या कयाकबद्दलचे, म्हणजे दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्याने चालवायच्या छोट्या होडीबद्दलचे आहेत.

प्रश्न: माझ्याकडे ३ मीटर लांबीची, टणक प्लास्टिकची, २२ किलोची कयाक आहे. तलाव रस्त्यापासून साडेतीन किलोमीटर आत आहे आणि वाटेत चढ आहे. दोघांनी मिळून उचलून नेली तर जमेल का?

पहिला अर्धा किलोमीटर जमेल. त्यापुढे हातांची बोटं उघडायला लागतात, कारण टोकाच्या मुठी घाटापासून पाण्यापर्यंतच्या वीस-पंचवीस पावलांसाठी बनवलेल्या असतात. अरुंद वाटेवर मागच्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत. उतारावर तर सगळा भार पुढच्याच्या अंगावर येतो. शिवाय वल्ही, जॅकेट (म्हणजे पाण्यात तरंगत ठेवणारं लाइफ जॅकेट), पाणी, कोरडे कपडे उरतातच. ते दुसऱ्या खेपेत आणायचं ठरवलं तर हिशेब असा: होडी घेऊन साडेतीन, रिकामे परत साडेतीन, सामान घेऊन पुन्हा साडेतीन. एका बाजूलाच साडेदहा किलोमीटर झाले. येण्याजाण्याचे मिळून एकवीस, आणि त्यात वल्हवणं धरलेलंच नाही.

दोन चाकांची कयाकगाडी हा मार्ग मातीच्या किंवा मुरमाच्या रुंद वाटेवर उत्तम चालतो. चाकं होडीच्या मध्याच्या किंचित मागे येतील अशी बांधा, म्हणजे पुढचं टोक उचलणाऱ्या हातावर दोन-तीन किलोच भार राहतो. अगदी मध्यावर बांधली तर होडी तराजूसारखी डुलते. एक पट्टा गाडीभोवती आडवा आणि दुसरा गाडीतून होडीच्या एखाद्या पक्क्या कडीपर्यंत असे दोन पट्टे हवेत. नुसत्या आडव्या पट्ट्यावर विसंबलं की पहिल्या दगडाला चाकं मागे सरकून निसटतात. पायऱ्या, मोठे दगड, झाडांची मुळं असतील तर मात्र गाडी घरीच ठेवा. ती वाहून नेणं हे आणखी एक ओझं होतं. गवतावरून होडी ओढत नेण्याचा मोह अनेकांना होतो. कयाकचं टणक प्लास्टिक, म्हणजे पॉलिथिलीन, ते सोसतं, पण मागच्या टोकाखालची कड झिजत जाते आणि एके दिवशी तिथूनच पाणी झिरपायला लागतं.

आमचं स्पष्ट मत: तीन किलोमीटरच्या वर चढाची वाट असेल तर होडी बदला. हवेने फुगवायची साधी कयाक १० ते १७ किलोची असते. ती सॅकमध्ये मावते, पण इतर सामान धरून पाठीवर वीस किलो सहज होतात. घडीची कयाक, म्हणजे सांगाडा आणि त्यावर चढवायचं कापड, पाण्यावर सगळ्यात सरळ चालते. मात्र जोडायला सवयीनेसुद्धा वीस-पंचवीस मिनिटं जातात, आणि सांगाड्याची एक नळी घरी राहिली तर होडीच होत नाही. पॅकराफ्ट म्हणजे जाड कापडाची छोटी फुगवणी होडी अडीच ते चार किलोची. तिच्यासकट सगळं सामान दहा किलोच्या आसपास बसवता येतं. स्वतःच्या वजनाच्या चौथ्या हिश्शाहून जास्त ओझं पाठीवर नको, हा चालणाऱ्यांचा जुना अंदाज इथे कामाला येतो.

पॅकराफ्टची खोडही सांगायला हवी. ती आखूड आणि रुंद असल्याने प्रत्येक वल्ह्याला नाक उजवी-डावीकडे हलवते आणि ताशी तीन-चार किलोमीटरच्या पुढे जायला कुरकुरते. पाच-सहा किलोमीटर लांबीचा तलाव ओलांडायचा असेल तर ती चुकीची निवड. किनाऱ्याच्या कडेने फिरायचं असेल तर तिच्यासारखं सुख नाही. कल्पना मात्र नवी नाही: १८४० च्या दशकात ब्रिटिश आरमारातल्या पीटर हॅल्केट या अधिकाऱ्याने रबर लावलेल्या कापडाची अशी होडी केली होती, जी एरवी अंगावर झग्यासारखी घालता येई. सोबतची छत्री शिडाचं काम करायची.

प्रश्न: सकाळी काठावर होडी अगदी ताठ फुगवली. अर्ध्या तासात ती मऊ पडली. घरी आणून तपासली तर कुठेच भोक नाही. मग हवा गेली कुठे?

कुठेही गेली नाही, थंड झाली. उन्हात तापलेल्या काठावर ३५ अंशांची हवा भरली आणि पाणी १५ अंशांचं असेल, तर आतली हवा आकसते. दाबमापक जो आकडा दाखवतो तो बाहेरच्या हवेपेक्षा आत किती जास्त दाब आहे तेवढाच; आकसण्याचा परिणाम मात्र एकूण दाबावर होतो. म्हणून कमी दाबाच्या नळ्यांना फटका जास्त बसतो. १० पीएसआयला (पीएसआय हे दाबमापकावरचं दाबाचं एकक) भरलेला टणक तळ साडेआठच्या जवळ येतो, ते फारसं जाणवत नाही. पण बाजूच्या नळ्या अडीच पीएसआयच्या असतील तर त्या दीडच्याही खाली जातात आणि होडी मध्ये वाकते. (हा हिशेब समुद्रसपाटीचा आणि हवा पाण्याइतकी पुरती निवली असं धरून केलेला आहे. नळीचा वरचा भाग उन्हात असतो, त्यामुळे प्रत्यक्षात घट थोडी कमी असते.)

उपाय सोपा आहे. होडी आधी तीन-चतुर्थांश भरा, पाण्यात ठेवा, दहा मिनिटं थांबा, मग उरलेली हवा भरा. पंप होडीतच न्या. पॅकराफ्टला पंपाऐवजी फुगवायची पिशवी असते. तिच्याने होडी आकाराला येते, शेवटचा ताठपणा तोंडाने फुंकून आणायचा, आणि पाण्यात निवल्यावर पुन्हा एकदा फुंकायचं.

उलट बाजू जास्त धोक्याची आहे. पाण्यावर अडीच पीएसआयला नीट बसवलेली होडी खाण्यासाठी काठावर ओढली आणि तासभर उन्हात राहिली, हवा २५ अंशांवरून ५० वर गेली, तर दाब चारच्या जवळ पोचतो. शिवणी आणि जोड अशाच वेळी सुटतात. काठावर ओढलेल्या होडीची थोडी हवा सोडा, किंवा निम्मी होडी पाण्यातच राहू द्या. उंचावरच्या तलावाकडे गाडीच्या टपावर फुगवलेली होडी नेऊ नका: वर जाल तशी बाहेरची हवा विरळ होते आणि आतला ताण आपोआप वाढतो.

खरंच भोक असेल तर ते बहुधा कापडात नसतं, व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकलेल्या वाळूच्या कणात असतं. साबणाचं पाणी लावा, बुडबुडे बघा. फाटलंच असेल तर स्वतः चिकटणारी दुरुस्तीची पट्टी वापरा. भाग पूर्ण कोरडा करा, अल्कोहोलच्या फडक्याने पुसा, पट्टीचे कोपरे गोल कापा म्हणजे कोपऱ्यातून उचकटणार नाही, आणि फाटीच्या चहूबाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर पट्टी जाऊ द्या. डिंकाची पक्की दुरुस्ती घरी करायची. तिला वाळायला दिवस लागतो. पट्टी ओल्यावर लावली हेच तलावकाठच्या बहुतेक फसलेल्या दुरुस्त्यांचं कारण.

प्रश्न: सकाळी पाणी आरशासारखं होतं. दुपारी परत येताना तासभर वल्हवूनही काठ जवळ येईना. असं अचानक कसं होतं?

अचानक होत नाही, रोज होतं. सकाळी जमीन आणि पाणी दोन्ही गार असतात. ऊन चढतं तशी भोवतालची जमीन, डोंगरउतार तापतात, हवा वर उठते आणि तिची जागा घ्यायला वारा सुटतो. दुपारनंतर तो भरात येतो, संध्याकाळकडे पडतो. दऱ्यांमधल्या तलावांवर तर वारा दरीच्या वाटेनेच धावतो, म्हणजे तलावाच्या लांबीने. आणि लाट मोठी व्हायला वाऱ्याच्या जोराइतकंच मोकळ्या पाण्याचं अंतर लागतं. वारा ज्या काठावरून येतो तिथे पाणी सपाट दिसतं, त्याच वेळी चार किलोमीटर पलीकडच्या काठावर गुडघाभर लाटा आपटत असतात. म्हणून वाऱ्याच्या आडोशाला उभं राहून ‘पाणी शांत आहे’ असं ठरवणं ही सगळ्यात नेहमीची चूक.

पाण्याकडे बघून वारा मोजता येतो. वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या बोफर्ट मापाच्या ३ ला, ताशी १२ ते १९ किलोमीटरला, लाटांच्या माथ्यावर इथे-तिथे पांढरा फेस दिसू लागतो. ४ ला, ताशी २० ते २८ ला, फेस सगळीकडे असतो. पहिला पांढरा ठिपका दिसला की नवख्याने काठ धरावा. फेस पसरला की फुगवणी होडी पाण्यावर असूच नये. ती पाण्यात कमी आणि हवेत जास्त असते, त्यामुळे ताशी पंधरा किलोमीटरचा समोरचा वारासुद्धा तिचा वेग सहज निम्म्यावर आणतो. जाताना तीस मिनिटं लागली, तर येताना तास धरा, आणि त्या तासात वल्हं थांबवलं की होडी मागे जाते हेही धरा.

यावरून बेत असा आखायचा: निघताना वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे दमल्यावर परतताना तोच वारा पाठीशी असेल. सकाळी वारा नसेल तर दुपारी तो कुठून येतो ते काठावरून ताडा: एकाच बाजूला झुकून वाढलेली झाडं, ज्या काठाला काटक्या आणि कचरा साचलाय तो काठ, या खुणा खोटं बोलत नाहीत. कचरा साचलेला काठ म्हणजे वारा जिथे नेऊन टाकतो तो काठ. पाण्यावरच्या एकूण वेळाचा एक-तृतीयांश संपला की वळा. आणि मधून आडवं जाण्यापेक्षा कडेकडेने जा. अंतर वाढेल, पण कुठल्याही क्षणी उतरता येईल.

वाऱ्यात सापडलाच तर वल्हं खाली, पाण्याजवळ ठेवा, घाव आखूड आणि भराभर घाला. उंच उचललेलं पातं शिडासारखं वारा पकडतं. होडी हट्टाने वाऱ्याकडे तोंड वळवत असेल तर मागे तळाखाली लावायचा पंखा, म्हणजे स्केग, बसवलाय का ते बघा, आणि जड सामान मागे सरकवा. पॅकराफ्टमध्ये याच्या उलट: तिच्यात माणूस मागे बसतो, म्हणून सॅक पुढच्या टोकावर आडवी, सपाट बांधतात. उभी बांधली तर तीच वारा अडवते. मेघगर्जना ऐकू आली तर वाट न बघता काठ गाठा, आणि शेवटच्या गर्जनेनंतर तीस मिनिटं पाण्यावर परतू नका.

प्रश्न: मी एकटीच जाते. मध्यावर होडी उलटली तर पहिल्यांदा काय करू?

काहीच नाही, श्वास सांभाळा. पाणी १५ अंशांच्या खाली असेल तर पडल्याबरोबर छाती आपोआप हवा ओढते, आणि तोंड पाण्याखाली असेल तर पाणी ओढते. चांगले पोहणारेही यात बुडतात. कॅनडातले गॉर्डन गिस्ब्रेख्त हे थंड पाण्याचे अभ्यासक १-१०-१ असा क्रम सांगतात: श्वास ताब्यात यायला १ मिनिट, हातपाय कामाचे असतात ती सुमारे १० मिनिटं, आणि गारठून शुद्ध हरपायला साधारण १ तास. हे आकडे बर्फाळ पाण्याचे आहेत, पण क्रम तोच राहतो. त्यातलं पहिलं मिनिट जॅकेट अंगावर असेल तरच नीट पार पडतं. ते होडीत पायाशी ठेवलेलं असेल तर नसल्यासारखंच. निघण्याआधी जॅकेट घालून, खांद्याच्या पट्ट्या धरून कोणाला तरी ते वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीपर्यंत चढत असेल तर ढिलं आहे. कपडे हवेचा अंदाज बघून नव्हे, पाण्याचा बघून निवडा. सुती कपडा पाणी धरून ठेवतो आणि वाऱ्यात अंग थंड करतो.

श्वास आला की होडी धरा आणि वल्हं धरा. काठ जवळ वाटला तरी होडी सोडून पोहू नका. पाण्याच्या पातळीवरून अंतर नेहमी कमी दिसतं, आणि शोधणाऱ्याला होडी दिसते, डोकं दिसत नाही.

पुढचं होडीच्या जातीवर आहे. वर बसायच्या कयाकला किंवा पॅकराफ्टला पलीकडच्या कडेपर्यंत हात पोचवून अंगावर ओढा, ती सुलटी होते. हात पुरत नसेल तर कडेला बांधलेला दोन मीटरचा पट्टा तळावरून टाकून ओढा. असा पट्टा आधीच बांधून ठेवा. मग मध्यावर दोन्ही हात ठेवून पाय मागे, पाण्याच्या वर आणा आणि बेडकासारखे झाडा. उभं राहून वर चढायला गेलात तर पाय होडीखाली जातात आणि ती पुन्हा अंगावर येते. पोट होडीवर आलं की थांबा, पालथेच सरका, मग वळून बसा.

आत बसायच्या कयाकची गोष्ट वेगळी. तिच्यात शंभर-दीडशे लिटर पाणी शिरतं, म्हणजे तेवढेच किलो. टोकांत हवेच्या पिशव्या किंवा बंद कप्पे नसतील तर ती उभीसुद्धा बुडू शकते. वल्ह्याच्या एका पात्यावर फुगवायची पिशवी चढवून, दांडा बैठकीच्या मागे आडवा धरून, त्याच्या आधाराने चढता येतं. मग हातपंपाने पाणी काढायचं. हे वाचून येत नाही. काठाजवळ, छातीइतक्या पाण्यात, दोन्ही बाजूंनी, आणि एकदा तरी पूर्ण दमल्यानंतर करून बघा. सलग तीनदा जमत नाही तोवर एकटीने मध्यावर जाऊ नका, असंच आम्ही सांगू.

प्रश्न: तिथे मोबाइलला रेंज नाही. मागे काय सांगून जावं?

कागदावर लिहून द्या: गाडी कुठे लावली, कोणत्या वाटेने जाणार, तलावाच्या कोणत्या काठाला फिरणार, होडीचा रंग, किती वाजता फोन येईल आणि किती वाजेपर्यंत न आल्यास कोणाला कळवायचं. ही शेवटची वेळ नेमकी हवी. ‘संध्याकाळपर्यंत’ म्हटलं की घरचे रात्रीपर्यंत थांबतात. सारखे अशा जागी जात असाल तर ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला हाक देणारं आपत्कालीन यंत्र घ्या आणि ते आपल्या नावाने नोंदवा. ते जॅकेटच्या खिशात हवं, होडीतल्या पिशवीत नको. शिट्टी जॅकेटलाच बांधा. तीन फुंकरा म्हणजे मदत हवी. फोनच्या पडद्यावर ओलं बोट नीट चालत नाही, हेही लक्षात असू द्या. कोरड्या पिशवीचं तोंड किमान तीन वळ्या घालून बंद करा. दोन वळ्यांची पिशवी पाणी घेते.

प्रश्न: चार तुकड्यांचं वल्हं किती लांब घ्यावं?

अरुंद होडीला २१० ते २२० सेंटिमीटर, रुंद फुगवणीला २२० ते २३०. बोटं फुगवणीच्या कडेवर घासत असतील तर आखूड आहे. काम झालं की तुकडे वेगळे करून वाळवा. वाळूसकट जोडलेले ठेवले तर पुढच्या वेळी सुटत नाहीत.

प्रश्न: पाणी ओसरलेल्या जलाशयात उतरताना गुडघ्यापर्यंत गाळात रुतलो. चप्पल तिथेच राहिली.

धरणामागच्या तलावात पाणी मागे सरतं तेव्हा उघडा पडलेला काठ वरून वाळलेला आणि आतून दह्यासारखा असतो. भेगा पडलेली पापुद्र्याची माती पाण्याकडे जाताना काळपट व्हायला लागली की थांबा. खडकाळ टोक किंवा ओहोळ येतो तिथली वाळू शोधा, अर्धा तास जास्त चालावं लागलं तरी. रुतलातच तर पाय सरळ वर ओढू नका. खाली पोकळी होऊन गाळ उलट धरतो. मागे बसा, भार होडीवर किंवा आडव्या वल्ह्यावर द्या आणि पाय हलवत, पाणी आत शिरू देत सोडवा. घोट्याला पट्टा असलेलं पादत्राणच घाला.

अशाच जलाशयांत बुडालेल्या झाडांचे खुंट असतात. कमी पाण्यात ते पृष्ठभागाच्या वीतभर खाली येतात आणि फुगवणीचा तळ फाडतात. कोवळ्या उन्हात, सूर्य पाठीशी ठेवून गेलात तर ते दिसतात. समोर ऊन असेल तर दिसत नाहीत. भिंतीच्या, सांडव्याच्या, पाणी ओढणाऱ्या विहिरीच्या बाजूला मुळीच जाऊ नका. जलपर्णीचा थर असेल तर वारा बदलल्यावर तो तुमच्या उतरण्याच्या जागेवर येऊन बसू शकतो, म्हणून बाहेर पडायच्या दोन जागा आधीच हेरून ठेवा.

प्रश्न: पक्षी बघायला जातो. किती जवळ जावं? आणि होडी धुवायची खरंच गरज असते का?

मीटरमध्ये एकच आकडा सांगता येत नाही, पक्षीच सांगतो. चरणं थांबवून माना वर झाल्या म्हणजे तुम्ही आधीच जवळ आलात. वल्हं थांबवा आणि तिरपे निघून जा, थेट त्यांच्याकडे तोंड करून नको. पाणबुड्यांसारखे पक्षी तरंगती घरटी करतात, त्यांना तुमच्या लाटेचाही त्रास होतो. वेताच्या, लव्हाळ्याच्या कडेने जाताना वेग कमी ठेवा. पहाटे गार पाण्यावर गार हवेचा थर असतो आणि वर उबदार, त्यामुळे आवाज वर न जाता पाण्यालगत वाकून लांब पोचतो. तुमचं कुजबुजणं पलीकडच्या काठाला ऐकू जातं.

धुण्याची गरज आहेच. आडवाटेच्या तलावात बाहेरची वनस्पती, शिंपल्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं, बेडकांना मारणारी बुरशी बहुधा ओल्या सामानातूनच येते. काठावरच होडी उलटी करून सगळं पाणी तिथेच सांडा, स्केगच्या खाचेतला आणि पट्ट्यांच्या कड्यांतला पाला काढा. फुगवणीत तळ आणि बाजूची नळी यांच्यामधल्या घडीत वाळू, पाणी आणि मुळांचे तुकडे लपतात. हवा अर्धी सोडली की ती घडी उघडते. तिथे राहिलेलं किलो-दीड किलो पाणी परतीच्या चढावर तुमच्याच पाठीवर असतं. घरी पुन्हा धुवा, सावलीत फुगवून ठेवा आणि हाताला सगळीकडे कोरडी लागल्यावर आणखी दोन दिवस जाऊ द्या. बुटांचे नमद्याचे तळवे सगळ्यात उशिरा वाळतात.